दोनशे एकोणपन्नास ग्रॅमचा वऱ्हाडी

नारायणगावच्या पुढे, पुणे-नाशिक रस्त्याला लागून असलेले एक लॉन. सकाळचे नऊ. खुर्च्या अजून मांडायच्या होत्या, आचाऱ्याची फोडणी तेवढी पडली होती. शूटिंगवाल्यांच्या घोळक्यापाशी मुलीचे काका आले आणि एकच प्रश्न विचारून गेले, "ड्रोन आणलाय ना?" कॅमेरे किती, अल्बम किती पानांचा, यातले काही नाही. ड्रोन आला म्हणजे शूटिंग आले.

ज्याच्या पाठीवरच्या सॅकमध्ये तो ड्रोन होता, तो सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा मुलगा गाडीच्या सावलीत बसून पंखे फडक्याने पुसत होता. त्याचा स्वतःचा स्टुडिओ नाही. आजूबाजूच्या चार-पाच स्टुडिओवाल्यांच्या 'ऑर्डरी' तो दिवसाच्या हिशेबाने घेतो. नारायणगाव हे तमाशाच्या सुपाऱ्यांचे गाव. चैत्रात इथल्या राहुट्यांमध्ये यात्रांची बोलणी होतात आणि त्याच दिवसांत ड्रोनवाल्यांचीही धांदल असते. सकाळी बैलगाडा शर्यतीचा घाट, दुपारी लग्न. "घाटात एक बारी बारा-तेरा सेकंदांत संपते," तो म्हणाला, "आणि नवरदेव घोड्यावरून पाऊण तास उतरत नाही. बॅटरी दोन्हीकडं तेवढीच."

वरून दिसणाऱ्या लग्नाची हौस ड्रोनच्या आधीची. पूर्वी फोटोग्राफर टेबलावर चढायचा, कार्यालयाच्या गच्चीवर जायचा. पुढे पैसेवाल्यांच्या लग्नात टेम्पोतून क्रेन येऊ लागली, जिला सगळे 'जिमी जिब' म्हणतात. क्रेनचा हात पाहुण्यांच्या डोक्यावरून फिरला की अर्धे वऱ्हाड जेवण सोडून तिच्याकडे बघायचे. मग 2009 साली 'थ्री इडियट्स'मध्ये चार पंख्यांचे उडते यंत्र पडद्यावर दिसले. ते बनवणारी आयडियाफोर्ज ही कंपनी मुंबईच्या आयआयटीतून शिकून बाहेर पडलेल्या मुलांची. पण तिची यंत्रे गेली पोलिसांकडे आणि सैन्याकडे. लग्नाच्या मांडवापर्यंत पोचला तो चीनमधल्या शेन्झेनच्या डीजेआय कंपनीचा माल. 2013 च्या जानेवारीत आलेला तिचा पांढरा 'फँटम' खोक्यातून काढून थेट उडवता येत होता, आणि तिथून हा धंदा सुरू झाला.

कायदा मागून धापा टाकत आला, आणि तो एकट्या भारतातच नाही. 2014 च्या जूनमध्ये न्यूयॉर्क राज्यातले खासदार शॉन पॅट्रिक मलोनी यांनी स्वतःच्या लग्नात ड्रोनने शूटिंग करून घेतले. तेव्हा अमेरिकेत व्यवसायासाठी ड्रोन उडवायला बंदी होती आणि हे गृहस्थ विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या संसदीय उपसमितीचे सदस्य. चौकशी लागली. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत एका पिझ्झावाल्याने ड्रोनने पिझ्झा पोचवून पाहिला आणि पोलिसांचे प्रश्न ओढवून घेतले. ऑक्टोबरमध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नियम होईपर्यंत खासगी ड्रोन उडवायचेच नाहीत अशी नोटीस काढली. नियम लागू झाले 1 डिसेंबर 2018 ला. मधल्या चार वर्षांत महाराष्ट्रात किती लग्ने ड्रोनशिवाय लागली, हे ज्याने-त्याने आपला अल्बम काढून पाहावे.

आताचे ड्रोन नियम 25 ऑगस्ट 2021 चे. ते बरेच सैल आहेत, आणि लग्नाच्या धंद्याचे सगळे गणित त्यांतल्या एका आकड्यावर उभे आहे. 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो'. तो उडवायला रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही, विमाही लागत नाही. त्याच्या वर दोन किलोपर्यंत 'मायक्रो'. हौसेने उडवला तर प्रमाणपत्राची गरज नाही, पण पैसे घेऊन उडवलात तर हवे. त्यासाठी दहावी पास आणि वय अठरा ते पासष्ट ही अट, शिवाय मान्यताप्राप्त संस्थेतले प्रशिक्षण. म्हणून या मुलाच्या सॅकमधले यंत्र 249 ग्रॅमचे. ही सोय एकट्या भारतासाठी केलेली नाही. अमेरिकेतही नोंदणीची रेषा अडीचशे ग्रॅमचीच होती आणि डीजेआयचा 2019 मधला पहिला 'मॅव्हिक मिनी' तिच्या एक ग्रॅम अलीकडे थांबवला होता. जपानची मर्यादा तेव्हा दोनशेची, तर तिथे तोच ड्रोन लहान बॅटरी लावून 199 ग्रॅमचा करून विकला. सोनारानेसुद्धा तराजू इतका हिशेबाने धरला नसेल.

वजन वाचले तरी बाकीचे चुकत नाही. नॅनोलाही नोंदणी क्रमांक लागतो. सरकारच्या 'डिजिटल स्काय' नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात चारशे फुटांपर्यंत मोकळीक, पण विमानतळाच्या पाच किलोमीटरच्या आत लाल क्षेत्र. लोहगाव आणि सांताक्रूझच्या आसपासच्या कार्यालयांनी ही हौस सोडूनच द्यावी. नियम मोडला तर दंड एक लाखापर्यंत. त्यावर स्थानिक पोलिसांचे मनाई आदेश वेगळे, आणि गड-किल्ल्यांवर प्री-वेडिंगसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी. शिवाय 9 फेब्रुवारी 2022 पासून परदेशी बनावटीच्या ड्रोनची आयात बंद आहे. तरीही लग्नांच्या आकाशात आजही चिनी यंत्रेच जास्त दिसतात. ती आली कुठून, हे लग्नात कुणी विचारत नाही. 2024 च्या पावसाळ्यात मात्र याच जुन्नर-आंबेगाव भागात रात्री ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात अशी भीती पसरली. गावे काठ्या घेऊन जागली. तेव्हा संध्याकाळच्या वरातीत ड्रोन काढायची या पोरांची छाती होत नव्हती.

आता कसब. त्याने ड्रोन गाडीच्या बॉनेटवर ठेवला नाही. चाळीस पावले लांब जाऊन मोकळ्या जमिनीवर एक चटई पसरली. बॉनेटचे लोखंड, मांडवाचे ट्रस, डीजेच्या स्पीकरमधली चुंबके, सगळी ड्रोनच्या होकायंत्राला चकवतात आणि दिशा चुकलेला ड्रोन एका जागी ठरत नाही. मग त्याने आकाशाकडे नाही, खांबांकडे पाहिले. विजेच्या तारा ड्रोनच्या सेन्सरला दिसत नाहीत, त्या माणसानेच हेरायच्या. 'घरी परत ये' ही आज्ञा दिल्यावर ड्रोन आधी ठरलेल्या उंचीवर चढतो आणि मग सरळ परततो. ती उंची त्याने नारळाच्या वर ठेवली. शेवटी भिंगावर काळी काच चढवली. "उन्हात कॅमेऱ्यालापण गॉगल लागतो," तो म्हणाला. त्याशिवाय शटर सावकाश ठेवता येत नाही आणि चालणारी माणसे झटके खाताना दिसतात. कंपनी अर्धा तास उड्डाण सांगते, हा वीस मिनिटांचाच भरवसा धरतो. तीन बॅटऱ्या, म्हणजे दिवसाचा एक तास. तो एक तास कुठे खर्चायचा हे कळणे, हाच या धंद्यातला खरा अनुभव.

नवरदेव आला, फेटे वरून केशरी ठिपक्यांसारखे दिसले, शॉट छान निघाला. मुहूर्त बारा पस्तीसचा. काका पुन्हा आले. "अक्षता पडताना वरून घे हं." मुलगा म्हणाला, "काका, मांडवाला कापड आहे. वरून कापडच येईल." काकांना ते पटले नाही. पण मांडव असतो तो मुळात वरचे ऊन अडवायलाच, आणि अक्षतांचे दाणे शंभर फुटांवरून दिसत नाहीत, हे दोन्ही खरे होते. अलीकडे काही लॉनवाले यावर उपाय म्हणून स्टेजवरचे छतच काढतात, हिरवळीवर पाकळ्यांनी नावे लिहितात, खुर्च्यांचे रंग ठरवून लावतात. लग्न खाली बसलेल्यांसाठी की वरून बघणाऱ्यासाठी, असा प्रश्न पडावा इतके. मला ती सजावट चार लग्नांनंतर एकसारखीच वाटू लागली.

खाली उतरवून घ्यायचे म्हटले तर अडचणी वेगळ्या. पंख्यांचा वारा रांगोळी विस्कटतो, होमाची राख उडवतो. आवाज लहान, पण कानाशी भुंगा फिरावा तसा. भटजींच्या मंगलाष्टकांच्या शेवटच्या ओळीत तो मिसळला तर व्हिडिओतून काढता येत नाही. आणि गर्दीच्या डोक्यावर उडवणे तर नकोच. 2015 मध्ये गायक एनरिके इग्लेसियासने मैफलीत उडता ड्रोन हाताने धरला आणि त्याची बोटे चिरली. त्याच्या तर सवयीचा खेळ होता तो. इथे खाली कडेवरची पोरे असतात.

म्हणून बारा पस्तीसला, 'सावधान' म्हटले गेले तेव्हा, हा मुलगा मांडवाच्या कडेला उभा होता. ड्रोन सॅकमध्ये, मुठीत अक्षता. काकांनी लांबून हाताने 'वर, वर' अशी खूण केली आणि त्याने नम्रपणे मान हलवली. वर काही गेला नाही. पुढे तयार झालेल्या चार मिनिटांच्या व्हिडिओत ड्रोनचे सहा शॉट होते, सगळे मिळून अर्ध्या मिनिटाच्या आतले. काकांना तो व्हिडिओ आवडला असे ऐकले.

तुमच्या घरच्या लग्नात ड्रोन सांगणार असाल तर आधी नोंदणी क्रमांक विचारा, कार्यालय कोणत्या क्षेत्रात येते ते डिजिटल स्कायच्या नकाशावर पाहा. आणि मुहूर्ताला ड्रोनवाला हात बांधून उभा दिसला, तर त्याच्यावर ओरडू नका. त्याच्या हातावर अक्षता ठेवा.