हा ‘आकाश’ नेमका कोणता?

कपाटाच्या वरच्या कप्प्यात, शाळेच्या संगणक कक्षातल्या खोक्यात किंवा मलकापूर-कराडच्या एखाद्या मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या ड्रॉवरमध्ये असा टॅब्लेट अजूनही हाती लागू शकतो. सात इंची पडदा, जाड चौकट, मागे ‘आकाश’ किंवा ‘यूबीस्लेट’ हे नाव आणि चार्जर बेपत्ता. दुरुस्तीवाला विचारतो, “मॉडेल कुठलं?” मालक सांगतो, “आकाश.” एवढ्यावर काम भागत नाही, कारण या नावाखाली पोटातून अगदी वेगळी असलेली यंत्रे निघाली. एकाचे सॉफ्टवेअर दुसऱ्यात भरले, तर पडदा दाद देत नाही किंवा यंत्र सुरूच होत नाही. म्हणून बंद पडलेल्या टॅब्लेटची आवृत्ती ओळखणे हे दुरुस्तीचे पहिले काम. त्यासाठी नावापेक्षा नख जास्त उपयोगी पडते.

नाव एक, यंत्रे वेगळी

विद्यार्थ्यांना सुमारे ३५ डॉलरमध्ये टॅब्लेट द्यायचा, ही केंद्र सरकारची कल्पना. तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी जुलै २०१० मध्ये त्याचा नमुना दाखवला आणि ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत पहिल्या ‘आकाश’चे अनावरण केले. खरेदीची आणि चाचणीची जबाबदारी जोधपूरच्या आयआयटी राजस्थानकडे होती, तर पुरवठा डेटाविंड ही कंपनी करणार होती. ऑर्डर एक लाख नगांची. पण यंत्र मंद चालते, पडदा जोरात दाबावा लागतो आणि बॅटरी टिकत नाही, अशा तक्रारी लगेच सुरू झाल्या. चाचणीचे निकष किती कडक असावेत यावरून संस्था आणि कंपनी यांच्यात वाद झाला. अखेर २०१२ मध्ये प्रकल्प पवईच्या आयआयटी मुंबईकडे आला.

तिथून पुढे जे आले ते ‘आकाश २’. तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी ११ नोव्हेंबर २०१२ रोजी, राष्ट्रीय शिक्षण दिनी, त्याचे अनावरण केले. सरकारला तो २,२६३ रुपयांना पडत होता आणि विद्यार्थ्याला सवलतीत १,१३० रुपयांना मिळणार होता. मधल्या काळात कंपनीने खुल्या बाजारात २,९९९ रुपयांना ‘यूबीस्लेट ७ प्लस’ आणला होता. त्याचा प्रोसेसर पहिल्या आकाशपेक्षा वेगवान होता आणि त्यात सिमकार्डाची सोय होती. म्हणजे सुमारे वर्षभरात तीन यंत्रे आली. तिन्हींचा पडदा सात इंची आणि ठिपके ८०० गुणिले ४८०. कर्णावर मोजले तर तिन्हींत इंचाला सुमारे १३३ ठिपके भरतात. त्यामुळे चित्र किती रेखीव दिसते, यावरून आवृत्ती सांगता येत नाही.

नखाची परीक्षा

पडदा स्पर्श कसा ओळखतो, यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. टॅब्लेट सुरू करा आणि एखाद्या चिन्हावर नख किंवा प्लास्टिकच्या पेनचे टोपण टेकवून हलके दाबा. चिन्ह उघडले तर पडदा ‘रेझिस्टिव्ह’ आहे, म्हणजे यंत्र पहिला आकाश किंवा ७ प्लस असावे. काहीच झाले नाही, पण बोटाच्या पेराने नुसता स्पर्श करताच चिन्ह उघडले, तर पडदा ‘कपॅसिटिव्ह’ आहे. तो आकाश २ चा.

रेझिस्टिव्ह पडद्यात दोन पारदर्शक थर असतात. दोन्हींवर इंडियम-टिन ऑक्साइडचा वीजवाहक लेप असतो आणि मधे बारीक ठिपक्यांनी राखलेली फट. दाबल्यावर वरचा थर वाकून खालच्याला टेकतो. टेकला कुठे, हे कळण्यासाठी नियंत्रक चिप एका थराच्या दोन कडांना विद्युतदाब लावते. समजा डाव्या कडेला शून्य आणि उजव्या कडेला ३.३ व्होल्ट आहेत. या दोन कडांमध्ये विद्युतदाब एकसारखा वाढत जातो. दुसरा थर, जिथे टेकला तिथला विद्युतदाब वाचतो. वाचन १.६५ व्होल्ट आले तर स्पर्श बरोबर मध्यावर, म्हणजे आडव्या ८०० ठिपक्यांतल्या ४०० व्या ठिपक्याजवळ झाला. ०.८२५ व्होल्ट आले तर २०० व्या ठिपक्याजवळ. मग दोन्ही थरांच्या भूमिका बदलून उभी जागा मोजली जाते. हे सगळे सेकंदात अनेकदा घडते.

इथे फक्त दाब लागतो. तो नखाचा आहे, टोपणाचा की हातमोज्यातल्या बोटाचा, याच्याशी पडद्याला देणेघेणे नाही. मात्र साध्या चार तारांच्या रचनेत एका वेळी एकच जागा कळते. दोन बोटे टेकवली तर मधलीच कुठली तरी जागा नोंदली जाते. म्हणून चिमटीने फोटो मोठा होतो का, हे पाहणे ही दुसरी सोपी परीक्षा. तिसरी खूण सेटिंगमध्ये सापडू शकते. कडांचा विद्युतदाब काळानुसार थोडा सरकतो, म्हणून रेझिस्टिव्ह यंत्रात बहुधा ‘कॅलिब्रेशन’चा पर्याय असतो. त्यात पडद्यावर फुल्या दिसतात आणि त्या एकेक करून दाबायच्या असतात.

कपॅसिटिव्ह पडद्यात काहीच वाकत नाही. काचेखाली पारदर्शक वाहकांची उभी-आडवी जाळी असते आणि तिच्या प्रत्येक छेदाजवळ थोडा विद्युतभार साठतो. आपले शरीर क्षारयुक्त पाण्यामुळे वीजवाहक असते. बोट जवळ आले की त्या जागेची भार साठवण्याची क्षमता बदलते आणि चिप हा बदल टिपते. कोरडे नख आणि प्लास्टिक वाहक नाहीत, म्हणून पडदा त्यांच्याकडे लक्ष देत नाही. जाळीचा प्रत्येक छेद वेगळा तपासता येत असल्याने दोन बोटे सहज ओळखली जातात. पाणीही वाहक असल्याने पावसाळ्यात ओल्या हाताने हा पडदा गोंधळतो. परीक्षा घेताना हात आणि काच दोन्ही पुसून घ्या.

बाहेरच्या खुणा

यंत्र सुरूच होत नसेल तर नखाची परीक्षा घेता येत नाही. मग कडा आणि चौकट पाहायची. पहिल्या आकाशला कॅमेरा नाही, आकाश २ ला पडद्याच्या बाजूने छोटा कॅमेरा आहे. पहिल्या आकाशला पेन ड्राइव्ह थेट बसेल अशा, पूर्ण आकाराच्या दोन यूएसबी खाचा आहेत. कॅमेरा नाही पण सिमकार्डाची खाच आहे, असे यंत्र दिसले तर ते ७ प्लस असण्याची शक्यता मोठी.

मागचे स्टिकरही वाचण्याजोगे असते. भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी योजना टॅब्लेटसह अनेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंना २०१३ पासून लागू झाली. त्यानंतरच्या यंत्रांवर आयएस १३२५२ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. असा क्रमांक असेल तर तो टॅब्लेट २०११ मधल्या पहिल्या खेपेचा असू शकत नाही. वर्ष छापलेले नसले तरी नियमाची तारीख वयाचा अंदाज देते.

चिप काय सांगते

यंत्र सुरू होत असेल तर सेटिंगमधले ‘अबाउट टॅब्लेट’ हे पान उघडा. पहिला आकाश अँड्रॉइड २.२ वर चालतो, ७ प्लस २.३ वर आणि आकाश २ अँड्रॉइड ४.० वर. २.२ ही मुळात फोनसाठी केलेली आवृत्ती. टॅब्लेटचा वेगळा विचार अँड्रॉइडमध्ये २०११ च्या आरंभी ३.० पासून झाला आणि ४.० मध्ये फोन व टॅब्लेट एकत्र आले.

या पानावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. मॉडेलचे नाव आणि आवृत्ती ही शेवटी एका मजकूर फाइलमधली ओळ असते. कुणी दुसऱ्या यंत्राचे सॉफ्टवेअर भरले असेल तर नावही त्या यंत्राचेच दिसते. त्यापेक्षा भरवशाची साक्ष प्रोसेसरची. फाइल मॅनेजरने ‘प्रॉक’ फोल्डरमधली ‘सीपीयूइन्फो’ ही फाइल उघडली की चिपची जात कळते. पहिल्या आकाशमध्ये कोनेक्झंट कंपनीची ३६६ मेगाहर्ट्झची एआरएम ११ जातीची चिप आहे, तिथे ‘एआरएम व्ही ६’ असे दिसायला हवे. आकाश २ मध्ये ऑलविनर ए १३ ही एक गिगाहर्ट्झची कॉर्टेक्स ए ८ चिप आहे, तिथे ‘व्ही ७’.

नुसते मेगाहर्ट्झ पाहिले तर वेग पावणेतीन पट वाटतो. प्रत्यक्षात फरक त्याहून मोठा आहे. एआरएम ११ एका ठोक्याला जास्तीत जास्त एक सूचना पुढे पाठवते, तर कॉर्टेक्स ए ८ दोन. ड्रायस्टोन या जुन्या कसोटीवर एआरएम ११ ला दर मेगाहर्ट्झमागे सुमारे १.२५ आणि कॉर्टेक्स ए ८ ला सुमारे २ असे माप दिले जाते. गुणाकार केला तर ४५७ विरुद्ध २,०००, म्हणजे चौपटीहून जास्त. त्यात रॅम २५६ वरून ५१२ मेगाबाइट आणि साठवण २ वरून ४ गिगाबाइट झाली. ‘आकाश अडकतो’ ही तक्रार पहिल्या आवृत्तीबद्दल खरी होती, पण नाव एकच असल्याने ती दुसरीलाही चिकटली.

सिम असेल तर

सिमकार्ड घेणाऱ्या टॅब्लेटला पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक असतो. तो स्टिकरवर असतो, सेटिंगमधल्या ‘स्टेटस’मध्ये असतो आणि डायलर असेल तर *#०६# दाबूनही दिसतो. फक्त वाय-फायवर चालणाऱ्या पहिल्या आकाशला तो नाही. दिसायला सारख्या असलेल्या दोन पाणी-मीटरांचे बिल क्रमांकावरूनच वेगळे ठरते. आयएमईआयचे कामही तसेच आहे, फक्त त्यात आणखी एक सोय आहे. पहिले आठ अंक मॉडेलचे, पुढचे सहा त्या एका नगाचे आणि शेवटचा पडताळ्याचा. दोन टॅब्लेटचे पहिले आठ अंक जुळले तर ते एकाच मॉडेलचे.

क्रमांक बरोबर वाचला की नाही, हे कागदावर तपासता येते. उदाहरणासाठी नेहमी दिला जाणारा क्रमांक घेऊ: ४९०१५४२०३२३७५१८. शेवटचा ८ बाजूला ठेवा. उरलेल्या चौदा अंकांतला डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असा प्रत्येक सम स्थानावरचा अंक दुप्पट करा आणि उत्तर दोन अंकी आले तर ते दोन अंक मिळवा. ९ चे १८ म्हणजे ९, १ चे २, ४ चे ८, शून्याचे शून्य, २ चे ४, ७ चे १४ म्हणजे ५, १ चे २. बेरीज ३०. विषम स्थानांवरचे ४, ०, ५, २, ३, ३, ५ मिळून २२. एकूण ५२. दहाच्या पाढ्यातली पुढची संख्या ६०, तिला कमी पडतात ८, आणि शेवटचा अंक ८ आहे. पुसट स्टिकरवरचा ३ चुकून ८ वाचला असता, तर हा मेळ बसला नसता. आयबीएमचे हान्स पीटर लून यांची ही युक्ती बँकेच्या कार्डावरच्या क्रमांकालाही लागू पडते.

एकच साचा, अनेक ब्रँड

ऑलविनर ए १३ ही चिप स्वस्त होती. तिच्याभोवती तयार आराखडा घेऊन चीनमधल्या अनेक कारखान्यांनी सात इंची टॅब्लेट काढले आणि जगभरच्या कंपन्यांनी त्यावर आपापली नावे लावली. आकाश २ च्या पहिल्या खेपेतल्या यंत्रांचे काम चीनमध्ये झाल्याचे डेटाविंडनेही मान्य केले होते. या घराण्यातल्या टॅब्लेटचे कवच सारखे दिसले तरी आतली वाय-फाय चिप आणि स्पर्शाची नियंत्रक चिप वेगळी असू शकते. म्हणून जाणकार कवच उघडून हिरव्या पाटीवर छापलेला क्रमांक वाचतात आणि सॉफ्टवेअर त्यावरून निवडतात. उघडण्यापूर्वी बॅटरी फुगली आहे का ते पाहा. फुगलेली असेल तर टोचू नका, दाबू नका आणि चार्जही करू नका.

ओळखून करायचे काय?

इंटरनेटसाठी दोन्ही आकाश आता निरुपयोगी आहेत. आजची बहुतेक संकेतस्थळे टीएलएस १.२ या सुरक्षित जोडणीची मागणी करतात आणि अँड्रॉइडमध्ये ती ४.१ पासून आली. शिवाय अँड्रॉइड २.३.७ आणि त्याआधीच्या यंत्रांवर गुगल खात्यात प्रवेश देणे गुगलने २७ सप्टेंबर २०२१ पासून बंद केले. म्हणजे पहिला आकाश आणि ७ प्लस दोन्ही बाद.

आकाश २ कडून मात्र थोडे काम घेता येते. ए १३ चिप सुरू होताना आधी मेमरी कार्ड तपासते, मग अंतर्गत साठवण. याच गुणाचा उपयोग करून आयआयटी मुंबईच्या गटाने कार्डावरून चालणारे लिनक्स या टॅब्लेटसाठी तयार केले होते. सी, पायथन आणि सायलॅब यांत प्रोग्रॅम लिहिण्याची सोयही केली होती. इंटरनेटविना पीडीएफ वाचायला किंवा पायथनचे पहिले धडे गिरवायला ५१२ मेगाबाइट रॅम पुरते. पहिल्या आकाशकडून एवढी अपेक्षा नको. तो विज्ञानाच्या तासाला उघडून रेझिस्टिव्ह पडदा दाखवायला चांगला, नाहीतर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावा.

ज्या शाळा-महाविद्यालयांकडे असे टॅब्लेट पडून आहेत, त्यांनी एक काम करण्याजोगे आहे. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये अशा यंत्रांची नोंद ‘टॅब्लेट, नग अमुक’ एवढीच होऊन जाते. त्यापुढे पडद्याचा प्रकार, अँड्रॉइडची आवृत्ती, चिपची जात आणि असल्यास आयएमईआयचे पहिले आठ अंक, अशा चार रकान्यांची भर घाला. एका यंत्राला पाच मिनिटे पुरतात. कोणता ठेवायचा, कोणता सुट्या भागांसाठी खोलायचा आणि कोणता भंगारात काढायचा, हे त्या चार रकान्यांवरून ठरवता येते. नुसत्या ‘आकाश’ या नोंदीवरून ते कधीच ठरणार नाही.