सफरचंद चकाकतं, पण कधीचं?

बेळगाव-निपाणीकडे मॉल आले, तशी सफरचंद सुरीनं खरवडून ‘हे बघा मेण’ म्हणत पांढरा भुगा दाखवायची हौसही आली. भुगा निघतो हे खरं, पण त्यानं सिद्ध काहीच होत नाही. सफरचंदाच्या सालीवर झाडावरच मेणाचा थर धरतो आणि तोही सुरीनं निघतो. पॅकिंगआधी फळ धुताना हा थर बराचसा जातो, आतलं पाणी उडू लागतं, साल सुरकुतते. म्हणून वरून मेण चढवतात: मधमाशीचं, ब्राझीलच्या कारनौबा ताडाच्या पानांचं, नाहीतर लाखेपासून केलेलं शेलॅक. २०११च्या अन्नसुरक्षा नियमांनी ताज्या फळांना या तिन्हींची मुभा दिली, अट अशी की लेबलवर मेणाचं नाव हवं. फळामागे हे मेण थेंब-दोन थेंब असतं आणि न पचता बाहेर पडतं. संत्र्या-मोसंबीच्या मेणात पुष्कळदा बुरशीनाशक मिसळलेलं असतं, ही शंका रास्त आहे. ती साल किसून केकात घालणाऱ्यांनी सावध राहावं.

मेणाची खरी खोडी वेगळीच आहे: त्यामुळे फळाचं वय कळत नाही. काश्मीर-हिमाचलचा हंगाम साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर. मे महिन्यात बेळगावात मिळणारं सफरचंद एकतर ऑक्सिजन कमी केलेल्या शीतगृहात महिनोन् महिने राहिलेलं, नाहीतर परदेशातून आलेलं. साल ताठ, गर पिठूळ, असं होतं ते यामुळेच. उलट बेळगाव तालुक्यातून रोज गोव्याला जाणारी कोबी नि मिरची आपलं वय लपवत नाही. शिळी झाली की मऊ पडते आणि गिऱ्हाईक ती बाजूला सारतं. मग मंडईतलं तेवढं चांगलं, असं कुणी म्हणेल. तसंही नाही. दुपारभर उन्हात पडलेल्या पालकातलं क जीवनसत्त्व झपाट्यानं घटतं. त्यापेक्षा मॉलच्या थंड फळीवरची जुडी बरी. आणि बंदी असूनही कार्बाइडनं आंबे पिकवणारे काही मॉलवालेच नव्हेत. दुकान कुठलं यापेक्षा तोडणी कधीची, हे विचारायला हवं. पण ते सांगणारं दुकानात काही नसतं. मेणाचं नाव छापलेला खोका मागच्या दारी राहतो, फळं सुटी रचली जातात. फळावरच्या चिकटपट्टीचा चार आकडी क्रमांक जात नि आकार सांगतो, तारीख नाही. खोका मागून पाहिला, तरी त्यावर फार तर पॅकिंगची तारीख सापडते, तोडणीची नाही.