खांदा धरला, म्हणून हात बांधू नका

खांदा आखडलेला रुग्ण पहिल्या भेटीत क्वचितच खांद्याचे नाव घेतो. आपल्या नगर जिल्ह्यातील आजीबाई सांगतात, अंबाडा घालता येत नाही. आजोबांची तक्रार सदऱ्याच्या बाहीची. त्या कुशीवर रात्री निजवत नाही, हे दोघांचेही दुःख. दवाखान्याची पायरी चढण्यापूर्वी हात गळ्यात बांधून दोन-तीन महिने गेलेले असतात. मोडलेल्या हाडाला विश्रांती हवी, हे खरे; आखडणाऱ्या खांद्याला मात्र तीच विश्रांती अधिक जखडते.

‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली रूढ केले. सुश्रुतसंहितेत वातव्याधींमध्ये ‘अवबाहुक’ म्हणून अशाच विकाराचे वर्णन आहे. तेव्हा ‘खांद्यात वात शिरला’ म्हणणाऱ्या आजीला हसण्याचे कारण नाही. सांध्याभोवतीचे पिशवीसारखे आवरण सुजते, जाड होते आणि आकसते. आधी वेदना वाढतात. मग त्या ओसरतात, पण हात जखडतो. पुढे तो हळूहळू सुटतो. या क्रमाला एक ते तीन वर्षे लागू शकतात. क्ष-किरण चित्र बहुधा निर्दोष येते, म्हणून ‘काही नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

मधुमेहींमध्ये हा विकार इतरांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो आणि रेंगाळतोही अधिक. म्हणून खांदा आखडलेल्या व्यक्तीची साखर मी आवर्जून तपासतो. थायरॉइडचाही विचार करावा लागतो.

घरच्यांना एक साधी पारख करता येते. रुग्णाचा हात स्वतःहून वर जात नाही, पण तुम्ही आधार देऊन अलगद उचलला तर जातो, असे असेल तर खांद्याचा स्नायुबंध फाटल्याची शंका घ्यावी, विशेषतः पडल्यानंतर. तुम्ही उचलूनही हात अडत असेल, तर सांधा आखडलेला असण्याचा संभव अधिक. दोन्हींचे उपचार निराळे, म्हणून शेजारणीला लागू पडलेली गोळी आपल्याला लागू पडेलच असे नाही.

हाडवैद्याकडून झटका देऊन खांदा ‘मोकळा’ करून घेणे तर टाळाच. उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असतात. अशा झटक्याने ती मोडू शकतात. व्यायाम हवा तो सौम्य. निरोगी हाताने टेबलाचा आधार घेऊन पुढे वाकावे, दुखरा हात सैल सोडावा आणि लंबकासारखा लहान वर्तुळात फिरवावा. आधी कोमट पाण्याचा शेक घेतल्यास सोपे जाते. किंचित ताण जाणवला तर चालेल. कळ उठली की थांबावे.

वेदनाशामक गोळ्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नयेत. जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांना त्याची झळ बसते. उलट, सांध्यात दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनची लोकांना अकारण धास्ती वाटते. योग्य रुग्णाला, योग्य वेळी दिलेले इंजेक्शन वेदना पुष्कळ कमी करते आणि व्यायाम शक्य होतो. मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस वाढते, इतकी दक्षता घ्यावी.

मात्र डाव्या खांद्याच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर शेक आणि मालीश यांत वेळ दवडू नये. वृद्ध मधुमेहींना हृदयविकारात छातीत कळ येईलच असे नाही. तात्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.