एसएसडी बिघडण्याआधी आवाज करत नाही. तिची नोंदवही कशी वाचाल?

सोलापूर : जुनी हार्ड डिस्क बिघडू लागली की टकटक करायची. दुकानदार सावध व्हायचा, बिलांची प्रत पेनड्राइव्हवर घ्यायचा. एसएसडीत फिरणारी तबकडीच नाही, त्यामुळे आवाजही नाही. काल चालू होती, आज संगणकाला दिसतच नाही, असेही होते.

सोलापुरात हा प्रश्न फक्त घरच्या फोटोंचा नाही. इथल्या चादरी-टॉवेलांची नक्षी पूर्वी पुठ्ठ्याच्या पंच कार्डांवर असायची. इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आले तिथे ती संगणकातल्या फाइलमध्ये गेली. पुठ्ठा फाटला तर दिसतो. मेमरीची पेशी झिजलेली दिसत नाही.

झीज कशी होते?
फ्लॅश मेमरीच्या पेशीत विद्युतभार अडकवून माहिती साठवली जाते. लिहिण्या-पुसण्याच्या प्रत्येक फेरीत तो भार धरून ठेवण्याची तिची ताकद थोडी घटते. ड्राइव्ह हे स्वतःच मोजते आणि नोंदवून ठेवते. या नोंदींना ‘स्मार्ट’ म्हणतात. त्या वाचायला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही, काळ्या पडद्यावरची एक ओळ पुरते.

लिनक्सवर ‘स्मार्टमॉनटूल्स’ हे मोफत पॅकेज टाकून ‘स्मार्टसीटीएल’ ही आज्ञा द्यायची. विंडोजवर पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘गेट-फिजिकलडिस्क’ लिहायचे, मग उभी रेघ आणि पुढे ‘गेट-स्टोरेजरिलायबिलिटीकाउंटर’. विंडोजचा तक्ता त्रोटक असतो, काही ड्राइव्हच्या बाबतीत रकाने रिकामेच येतात.

काय बघायचे?
नव्या एनव्हीएमई ड्राइव्हमध्ये सर्वात कामाचा आकडा ‘पर्सेंटेज यूज्ड’. कंपनीने गृहीत धरलेल्या आयुष्यापैकी किती खर्च झाले, ते तो सांगतो. १०० झाले म्हणजे ड्राइव्ह लगेच मेली असे नाही. आकडा त्यापुढेही जातो. ‘ॲव्हेलेबल स्पेअर’ म्हणजे शिल्लक राखीव जागा. ती घसरू लागली किंवा ‘मीडिया एरर्स’ शून्यावरून वाढू लागले, तर त्याच दिवशी बॅकअप घ्यावा. ‘डेटा युनिट्स रिटन’मधील १ कोटी युनिट म्हणजे ५.१२ टीबी लेखन. ‘अनसेफ शटडाउन्स’ हा आकडा मोठा दिसला, तर दोष बहुधा ड्राइव्हचा नाही, अचानक जाणाऱ्या विजेचा आहे. यूपीएस घ्या.

‘पॉवर ऑन अवर्स’, म्हणजे ड्राइव्ह एकूण किती तास चालली, याकडे सहसा कोणी बघत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइजने ग्राहकांना कळवले, की फर्मवेअरमधील चुकीमुळे तिच्या काही सर्व्हर एसएसडी बरोबर ३२,७६८ तासांनी, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तासांनी, बंद पडतील आणि त्यातली माहिती परत मिळणार नाही. एकाच दिवशी बसवलेल्या ड्राइव्ह एकाच वेळी जाणार होत्या. एकीची प्रत दुसरीत ठेवून काय उपयोग? ज्यांनी तास तपासून फर्मवेअर वेळेत बदलले, त्यांची माहिती वाचली.

कपाटातली ड्राइव्ह
सोलापूरकरांनी उन्हाचाही हिशेब धरावा. घरगुती एसएसडीसाठी ‘जेडेक’ या संस्थेचा निकष असा : ठरलेले लेखन पूर्ण झालेल्या ड्राइव्हने विजेविना ३० अंश तापमानात १ वर्ष माहिती सांभाळावी. तापमान वाढले की ही मुदत घटते, आणि इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. नवी ड्राइव्ह यापेक्षा पुष्कळ जास्त टिकते. पण झिजलेली एसएसडी पत्र्याच्या शेडमधील कपाटात ठेवून तिला ‘बॅकअप’ म्हणू नये. दीर्घकाळ साठवणीला साधी हार्ड डिस्क अजूनही बरी.

नोंदी वाचणाऱ्या आज्ञांनी काही बिघडत नाही. मात्र ‘एनव्हीएमई फॉरमॅट’ आणि ‘सॅनिटाइझ’ या आज्ञा सगळी माहिती पुसतात. ‘ट्रिम’ सुरू असलेल्या एसएसडीवरून चुकून डिलीट झालेली फाइलही बहुतेक वेळा परत मिळत नाही, मग दुरुस्तीवाला कितीही हुशार असो.