भत्ता मोठा की पगार पक्का?

मोहरम जवळ आला की कडेगावात उंच ताबुतांची बांधणी सुरू होते आणि ट्रकवर गेलेल्या मुलांच्या घरी एकच प्रश्न असतो, सुट्टी मिळेल का? एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे फेरीवर भत्ता मिळतो. कधी कधी तो कंपनीच्या पगारापेक्षा जास्तही भरतो. मग घरचे म्हणतात, युनियनची वर्गणी कशाला, भत्त्याचीच गाडी बरी. आम्हाला हे पटत नाही.

1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास काम, जादा कामाला दुप्पट दर आणि भरपगारी रजा ठरवून दिली. पण 5 किंवा जास्त कामगार असतील तिथेच. एका ट्रकच्या मालकापर्यंत तो पोचलाच नाही. आणि जिथे पोचला तिथेही जादा तासांचा हिशेब एकट्या चालकाने मागितला, तर दुसऱ्या दिवशी किल्ली दुसऱ्याच्या हातात. तो हिशेब युनियनने मागावा लागतो. मात्र नाक्यावरची 'ट्रक युनियन' पुष्कळदा मालकांची असते. पावती फाडण्याआधी विचारून घ्यावे.

नाइलाजाने भत्त्याचीच गाडी धरली, तरी कामावरच्या अपघाताची भरपाई 1923 च्या कायद्याने अशा चालकालाही दिली. अडते ते पुराव्यापाशी. सूरह बकराची 282 वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते. तसेच फेरी, तारीख, भत्ता, बाकी वहीत लिहून मालकाची सही घ्यावी, मालक जमातीतला असला तरी. वही आणि गाडीच्या विम्याची झेरॉक्स घरी अम्मीजवळ ठेवावी, केबिनमध्ये नव्हे.