गळती खाली, दोष वर : आमच्या जीपची एक हकीकत



या पानावर बेणेप्रक्रिया, खोडव्यातील पाचट, पाण्याच्या पाळ्या असे विषय आपण नेहमी वाचता. या अंकात थोडी वेगळी हकीकत सांगत आहोत. ती आमच्या खात्याच्या जुन्या जीपची आहे. मात्र ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे, विहिरीवर डिझेल इंजिन आहे किंवा दारात जुनी गाडी उभी आहे, त्या प्रत्येकाच्या ती उपयोगी पडावी. शिवाय जीप सभासदांच्या पैशाची, तेव्हा तिच्यावर काय खर्च झाला आणि कोणता वाचला, हे कळण्याचा आपला हक्कच आहे.

आमची जीप एमएम ५४० जातीची, चारही चाकांना जोर देणारी. महिंद्रांनी १९४७ साली विलिस जीपचे सुटे भाग परदेशातून आणले, तेव्हापासून ही गाडी आपल्या मुलखात रुळली. पुढे १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार होऊन एक्सडीपी ४.९० हे चार सिलिंडरचे, २११२ सीसीचे डिझेल इंजिन आपल्याकडे बनू लागले. तेच इंजिन या जीपमध्ये आहे. गाडी जुनी असली तरी पाणी दिलेल्या रानाच्या कडेने आणि चिखलाच्या पाणंदीने अजून बिनतक्रार जाते.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. भीमेकाठच्या एका गावी पेटलेल्या उसाचा पंचनामा उरकून आम्ही रात्री परत निघालो होतो. पुणे-नगर रस्त्यावर सणसवाडीजवळ ऑईलचा लाल दिवा लागला. ड्रायव्हर मामांनी तिथल्या तिथे गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केले, म्हणून इंजिन वाचले. ‘गटापर्यंत एवढे जाऊ’ असे म्हटले असते, तर बेअरिंग धरून इंजिन जाम झाले असते. ऑईलची पट्टी काढून पाहिली, तर टोकाला जेमतेम डाग. बॅटरीच्या उजेडात खाली वाकून पाहिले, तर सगळा बुडखा काळा, ओला.

इथे आमची चूक कबूल करतो. मामा महिनाभर सांगत होते, “साहेब, तेलाचा वास येतोय. पट्टी पण उतरतीया.” आम्ही म्हणत होतो, “हंगाम जरा सरू द्या, मामा.” गळीत हंगामात गळतीकडे बघायला सवड नाही, असा आमचा हिशेब. ठिबकचा ड्रीपर ताशी ४ लिटर पाणी देतो आणि तेवढ्यावर ऊस वाढतो, हे आम्हीच आपल्याला शिकवतो. मग इंजिनाच्या थेंबाचा हिशेब आम्हाला का सुचू नये? दर दहा सेकंदांना एक थेंब म्हणजे तासाला ३६० थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर तासाला १८ मिलिलिटर. दिवसाला आठ तास गाडी चालली, तर आठवड्यात एक लिटर ऑईल रस्त्यावर!

सकाळी जवळच्याच एका गॅरेजवाल्याने गाडीखाली डोकावून निकाल दिला, “क्रँकचं मागचं सील गेलंय. गिअरबॉक्स उतरावा लागंल.” फोर-व्हील जीपचा गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे ट्रान्स्फर केस आणि पुढचा-मागचा दोन्ही शाफ्ट सोडायचे. आठ दिवस गाडी अडकणार. तोडणी टोळ्या शिवारात, तुटलेला ऊस २४ तासांत गाळपाला जायला हवा आणि पाळीवरून रोज नव्या तक्रारी. तरीही आम्ही ‘हो’ म्हणायच्या बेतात होतो. तेवढ्यात मामा म्हणाले, “साहेब, आजचा दिस थांबू. तात्यांना दाखवू.”

तात्या म्हणजे सणसवाडीतच राहणारे एक निवृत्त फिटर. त्यांनी आल्या आल्या पान्याला हात लावला नाही. म्हणाले, “आधी आंघोळ घाला हिला. एवढ्या घाणीत मला काय दिसणार?”

मग जे केले ते क्रमाने देत आहोत. सभासदांनी कापून ठेवावे.

पहिले, तेल कोणते ते ओळखा. डिझेल इंजिनाचे ऑईल काळे असते. गिअरचे तेल दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. फोर-व्हील गाडीत इंजिनाच्या खालीच पुढचा डिफरन्शियल असतो. वरून पडलेले इंजिन ऑईल त्यावर साचते आणि माणूस डिफरन्शियललाच दोष देतो.

दुसरे, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची तार सोडा. डिझेल आणि ब्रशने इंजिन वरपासून खालपर्यंत धुऊन फडक्याने कोरडे करा. सेल्फ आणि अल्टरनेटर जपा. या वेळी जवळ विडी-काडी नको.

तिसरे, कोरड्या इंजिनावर टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी फुंका. पुन्हा तार जोडून इंजिन चालू करा, मग पाच-सात किलोमीटर गाडी फिरवून आणा.

चौथे, इंजिन बंद करून बॅटरी आणि दाढीचा लहान आरसा घ्या आणि वरून खाली बघत या. तेल खाली उतरते, पंख्याच्या वाऱ्याने मागे सरकते. म्हणून सर्वांत वर जिथे भुकटी ओली झाली असेल, तिथेच गळतीचे मूळ धरावे. इंजिन चालू असताना वाकून बघायची वेळ आलीच, तर उपरणे आणि सदऱ्याची बाही पंख्याच्या पट्ट्यापासून लांब ठेवा.

तात्यांनी आरसा टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात धरला आणि आम्हाला बोलावले. पांढऱ्या भुकटीत काळी ओली रेघ स्पष्ट दिसत होती. ती कव्हरच्या पॅकिंगपासून निघून इंजिनाच्या पाठीमागून थेट क्लच हाऊसिंगवर उतरत होती. आम्ही जिला सीलची गळती समजत होतो, ती ही वरून आलेली रेघ होती. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला, असा प्रकार होणार होता.

“पॅकिंग बदलायचं का?” आम्ही विचारले.

“बदलायचंच. पण ते फुटलं का, ते आधी बघू,” तात्या म्हणाले.

त्यांनी ब्रीदरची रबरी नळी काढली. ती तेलाने फुगून आतून चिकटली होती आणि तोंडाशी काळा गाळ दाटला होता. आपल्या कारखान्याची मळी परवडली! पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने थोडा वायू प्रत्येक इंजिनात खाली निसटतो. त्याला बाहेर पडायला ब्रीदर असतो. तो बुजला की आतला दाब वाढतो आणि जिथे पॅकिंग कमकुवत, तिथून तेल बाहेर ढकलले जाते. आपल्या पाईपलाईनचा एअर व्हॉल्व्ह बंद पडला की कुठला तरी जोड उखडतो. नुसता जोड बसवून भागत नाही, हवेला वाट द्यावी लागते. इथेही तेच.

नळी नवी घातली, ब्रीदर डिझेलने साफ केला. कव्हर काढून जुने पॅकिंग खरडले आणि कव्हरची कड सरळ आहे ना, ते पट्टी लावून पाहिले. नवे पॅकिंग बसवून नट थोडे थोडे, सारखे आवळले. गळू नये म्हणून जीव खाऊन आवळले की पत्र्याचे कव्हर वाकते आणि जास्तच गळते. सगळे काम एका दिवसात, काही शे रुपयांत झाले.

शेवटी तात्यांनी इंजिन चालू ठेवून ऑईल भरायचे झाकण उचलले. हलकी वाफ आली. ब्रीदर साफ असूनही तिथून भकाभका धूर येत असेल, तर रिंगा झिजल्या असे समजावे. मग मोठे काम टळत नाही. तसेच वरचे सगळे कोरडे असून क्लच हाऊसिंगखालच्या भोकातून इंजिन ऑईल ठिबकत असेल, तेव्हाच मागच्या सीलचा संशय धरावा. गॅरेजवाला सांगत होता तो दोष खोटा नसतो, पण त्याची पाळी शेवटची.

उसाचेही असेच आहे. ऊस पिवळा दिसला की सभासद युरियाची गोणी फोडतात. पण जुनी, खालची पाने पिवळी पडली तर नत्राची उणीव, आणि चुनखडीच्या रानात कोवळी, शेंड्याची पाने पिवळी पडली तर बहुधा लोहाची. कुठले पान, हे पाहण्याआधी गोणी फोडू नये, असे आम्ही चर्चासत्रात बजावून सांगतो. स्वतःच्या जीपच्या बाबतीत मात्र आम्ही विसरलो होतो.

जीप त्यानंतर हंगामभर धावली. खोटे कशाला सांगा, चेंबरच्या पुढच्या नटाशी रात्रीतून एखादा थेंब पडत होता. त्याच्याखाली पुठ्ठा ठेवून मामा रोज सकाळी डाग बघत आणि पट्टी तपासत. आम्ही आता त्यांना “हंगाम सरू द्या” असे म्हणत नाही.

सभासदांना विनंती एवढीच, की ऊस वाहतुकीला ट्रॅक्टर जोडण्याआधी आणि विहिरीवरचे इंजिन सुरू करण्याआधी एकदा ते धुऊन, भुकटी टाकून बघावे. ब्रीदर मोकळा आहे का, हे पाहायला दहा मिनिटे लागतात. काढलेले जळके ऑईल ओढ्यात, पाटात किंवा विहिरीच्या कडेला ओतू नये. ते पाण्यात उतरते. डब्यात साठवून परवानाधारक जुने ऑईल नेणाऱ्याकडेच द्यावे. आणि घरातले कोणी “तेलाचा वास येतोय” म्हणाले, तर त्याच दिवशी वाकून बघावे.