मातीचे चित्र आणि वेशीवरचा खांब

नागोठण्याचे चित्र काढा म्हटले की आपली मुले अंबा नदी, जुना दगडी पूल, दोन डोंगर आणि मधोमध सूर्य काढतात. सारे गुळगुळीत, आणि त्यात आपली वस्ती बहुधा नसतेच. खरे गाव हाताला खरखरीत लागते. तो खरखरीतपणा चित्रात आणता येतो, खर्चही फारसा नाही.

प्लायवूडचा तुकडा घ्यावा. चाळलेली तांबडी माती, बारीक लाकडी भुसा व फेविकॉल एकत्र करून भाकरीच्या पिठाहून सैल कालवावे. पहिला थर पातळच द्यावा. जाड थर वाळताना हमखास तडकतो. (माझे पहिले चित्र पोपडे धरून सुटले.) तो सावलीत वाळला की दुसरा द्यावा आणि ओला असतानाच काम उरकावे. जुन्या फणीने ओढले की भातखाचराच्या ओळी उमटतात, पेंढ्याच्या काड्या दाबल्या की छप्पर, बोटे फिरवली की सारवलेली भिंत. वाळल्यावर गडद रंग द्यावा. मग ब्रश फडक्याला पुसून जवळजवळ कोरडा करावा आणि फिकट रंग वरवर फिरवावा. तो उंचवट्यांवरच बसतो, खाचा गडद राहतात.

कोरीव खांब हवा असेल तर मिश्रणाची उभी पट्टी लावून ती अर्धवट सुकल्यावर खिळ्याने कोरावी. मात्र काय कोरतो ते माहीत हवे. पालघरकडील वारल्यांच्या वाघदेवाच्या लाकडावर वाघ, चंद्र, सूर्य असतात. मेळघाटातील कोरकूंचा मुंडा मृताच्या स्मरणार्थ असतो. त्यावर चंद्रसूर्याबरोबर घोडेस्वारही दिसतो. एक देवाचा, दुसरा माणसाच्या आठवणीचा. शोभेसाठी दोन्ही एकाच वेशीवर रोवू नयेत.

वडीलधारे विचारतील, १९५६ साली आपण देव सोडले, मग वाघदेव कशाला? प्रश्न रास्त आहे. पण शेजाऱ्याचा खांब काढणे म्हणजे तो पूजणे नव्हे. माझी हरकत वेगळी आहे, ती नाव न घेता उचलण्याला. लग्नघरी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिणाऱ्या वारली सुवासिनींची नावे कोणी टिपली नाहीत. जिव्या सोमा म्हसे यांना पद्मश्री मिळाली तीही २०११ साली. म्हणून चित्राच्या कोपऱ्यात खांब कोणाचा ते लिहावे.

आणि आपली वस्ती त्याच मातीने काढावी. विहाराच्या भिंतीला ऑइलपेंट असेल, तर तेवढ्या जागी माती न लावता प्लायवूड तसेच सोडावे.